दोन मुठींचं दार

डाव्या हातानं पाइप ड्रममध्ये धरून सुलेखा उजव्या अंगठ्यानं मोबाइलवर लिहीत होती. ‘केसर दारापुढे उभी राहिली.’ दीड महिन्यात हे वाक्य तिनं इतक्या वेळा लिहिलं नि खोडलं होतं, की आता पहिलं अक्षर टाकलं की बाकीचे शब्द मोबाइल आपणहून पुढं करायचा. आठवड्याचं पाणी आज दुपारी सव्वादोनला आलं होतं. गारखेड्यातली ती सगळी गल्ली दारात उतरली होती. मोटारींच्या घरघरीत कुणीतरी ओरडून विचारत होतं, “तुमच्याकडं फोर्स आहे का?” सुलेखा मात्र ड्रमाकडं न बघता, पाण्याच्या बदलत जाणाऱ्या आवाजावरून तो किती भरला याचा अंदाज घेत, पुढचं वाक्य शोधत होती.

‘केसर दारापुढे उभी राहिली. तिच्या कडेवर...’

कडेवरचं मूल जागं होतं की झोपलेलं? जागं असेल तर ते केसरकडं बघत असेल, की दाराकडं?

फरशीवर काहीतरी घासल्याचा आवाज झाला. तिनं मान वर केली, तोवर तिचे सासरे, नाना, तिच्या अंगावरून पुढं झेपावले होते. पालथी घातलेली बादली घरंगळत पायरीपर्यंत गेली होती. तिची अडीच वर्षांची लेक उत्पला ड्रमच्या काठावर पोटावर तोललेली होती. पाय हवेत, डोकं पाण्याकडं. नानांच्या डाव्या हातानं तिचा फ्रॉक मागून धरला होता. त्या हाताला तीनच बोटं. ती तिन्ही कापडात रुतून पांढरी पडली होती.

त्यांनी नातीला उचलून खाली ठेवलं. उप्पू खदखदून हसली. “नाना, मासा!” ड्रमच्या तळाशी तिला मासा दिसला होता म्हणे.

सुलेखाच्या हातातला पाइप केव्हाच निसटला होता आणि अंगणभर पाणी उडवत होता. तिची साडी भिजली, नानांचा पायजमा भिजला, भिंतीवरची तुळस भिजली. मोबाइल मात्र तिनं डोक्याच्या वर धरला होता. कोरडा. तो हात खाली घ्यायला तिला थोडा वेळ लागला.

पारूबाई ओला झाडू तसाच हातात घेऊन बाहेर आल्या. त्यांनी बादलीकडं पाहिलं, सुनेकडं पाहिलं, मोबाइलकडं पाहिलं.

“काय लिहायलीस एवढं? बादलीवर का ड्रमावर?”

“काही नाही, आई.”

“बादलीवर तर मागंच लिहून झालंय की तुझं.”

 नानांनी वळवळणारा पाइप पकडला, तिच्या हातात दिला.

“धर,” ते म्हणाले. “दोन्ही हातांनी.”

*

सुलेखा वस्तूंवर लिहायची. पुण्याच्या एका मासिकात तिचं ‘हाताशी’ नावाचं सदर पाच वर्षं चालू होतं. दाराची कडी, प्लास्टिकची खुर्ची, तांब्याचा काठ, पाळण्याची दोरी. वस्तू न बोलता आपल्याला कशी सांगते, इथं धर, इथं बस, इकडून ये, हे ती लिहायची. चोपड्याचे एक निवृत्त शिक्षक दर लेखाला पत्र पाठवून एक तरी चूक दाखवायचे, आणि एका कुंभारणीनं तिला बोलून पाठवलेल्या संदेशात सांगितलं होतं की माठाच्या गळ्याबद्दल जे लिहिलंय ते तिच्या आजीला कुणी सांगायला हवं होतं. अतुल मित्रांना सांगायचा, “आमची बायको बादलीवर बाराशे शब्द लिहू शकते, रिकामी असेल तरी.” पारूबाईंचं एकच म्हणणं होतं. खुर्चीवर एवढं लिहितीस, बसत मात्र नाहीस कधी.

ते खरंच होतं. ती बसायची नाही. दूध तापत असताना ओट्याशी उभी राहून लिहायची, पाळण्याची दोरी पायाच्या अंगठ्यात अडकवून लिहायची, भाजीवाल्याकडं रांगेत लिहायची. कुणी हाक मारली, काही पडलं, कुकरची शिट्टी झाली, की अर्धं वाक्य हवेत सोडून उठायची. परत येईपर्यंत त्या वाक्याची चव गेलेली असायची.

आणि गेली पाच वर्षं त्या सदराच्या आडोशानं एक कादंबरी चालली होती. पुढच्या शतकातलं हेच शहर. ऊन असं झालेलं, की एका टोकाच्या हर्सूलपासून दुसऱ्या टोकाच्या साताऱ्याच्या डोंगरापर्यंत माणसांनी शहरावर छत घातलंय. छताबाहेर जायला एकच दार. त्या दाराला दोन मुठी, एकमेकींपासून दोन्ही हात फाकवून जेमतेम पोचावं इतक्या लांब. दोन्ही एकदम फिरवल्या तरच दार उघडणार. म्हणजे बाहेर जाणाऱ्याच्या हातात काहीच असता कामा नये. अख्ख्या कादंबरीत सुलेखाला सगळ्यात नेमकी वस्तू वाटायची ती ही. एक शब्द न बोलता दार सांगत होतं, जायचंय तर सगळं ठेवून जा.

केसरच्या कडेवर मूल आलं ते नंतर. उप्पू झाल्यावर. तोवर दार बनून गेलं होतं.

*

पाणी गेलं तेव्हा तीन वाजत आले होते. सुलेखा साडी बदलून आली तर आतल्या खोलीत उप्पू नानांच्या पोटावर डोकं ठेवून पडली होती आणि नाना तिला लेथ मशीनची गोष्ट सांगत होते.

“ये गं, मी झोपवते,” सुलेखा म्हणाली.

“नाय,” उप्पू म्हणाली. “नाना.”

“झोपू दे,” नाना म्हणाले. “तू जा, तुझं कर.”

सोमवारपासून हेच चाललं होतं. आंघोळ नानांकडून, भात नानांच्या हातचा, दुपारची झोप नानांच्या पोटावर. काल त्यांनी उप्पूची वेणी घातली होती. आठ बोटांनी घातलेली ती वेणी कानामागून निघून दुसऱ्याच बाजूला गेली होती, तरी उप्पू दिवसभर आरशात बघत होती. पारूबाई रात्रीचं दूधसुद्धा आता स्वतःच तिला पाजायच्या. सुलेखाला मोकळा वेळ मिळत होता. तो तिला नको होता. आज गुरुवार. चार दिवस ती घरातल्या घरात या खोलीतून त्या खोलीत फिरत होती, घडी घातलेले कपडे पुन्हा उलगडून घडी घालत होती. आपल्याविना एवढं सहज चालतंय म्हणजे काय, हे कुणाला विचारावं ते तिला कळत नव्हतं.

अतुलचा फोन आला. त्याच्यामागं वाळूजच्या कंपनीतला आवाज धडधडत होता.

“काय ठरवलंस?”

“तू सांगितलंस का नानांना?”

“मी? पत्र तुझं आणि सांगू मी?”

“वडील तुझे ना.”

“सुले, मी पहिल्याच दिवशी म्हणालो, जा. आम्ही तिघं आहोत इथं.”

“मगाशी उप्पू ड्रममध्ये पडत होती, अतुल.”

नुसती यंत्रांची धडधड ऐकू आली. मग तो म्हणाला, “कोण होतं तिच्याजवळ?”

“मी.”

 मग, “सहापर्यंत आहे ना वेळ? बघ. तू म्हणशील ते,” असं म्हणून त्यानं फोन ठेवला.

बेंगळुरूजवळच्या एका डिझाइन संस्थेनं तिला तीन महिने बोलावलं होतं. राहायला खोली, मोठं टेबल, ग्रंथालय. कादंबरी पूर्ण करायची आणि आठवड्यातून एकदा तिथल्या मुलांशी वस्तूंबद्दल बोलायचं. एकटीनं यायचं, लहान मुलं आणता येणार नाहीत, अशी अट. होकार-नकार आज संध्याकाळी सहाच्या आत. पत्र येऊन बारा दिवस झाले होते. अतुल सोडून घरात कुणालाच तिनं सांगितलं नव्हतं. एकदा पारूबाई शेंगा निवडत असताना ती समोर बसली होती, अर्धा पसा शेंगा निवडूनही झाल्या, आणि शेवटी तिनं विचारलं होतं, संध्याकाळी कुठली भाजी करू.

*

नाना बाहेरच्या पायरीवर आले तेव्हा त्यांच्या काखेत कादंबरीचा गठ्ठा होता. रविवारी त्यांनी तो स्वतःहून मागून घेतला होता. “पाच वर्षं चाललंय ते बघू तरी.” सुलेखानं सूतगिरणी चौकातल्या मंजुषाच्या झेरॉक्सच्या दुकानात सगळं मेल केलं होतं, आणि मंजुषानं मेलमधल्या सगळ्या फायली छापून, रबर लावून, गठ्ठा घरपोच दिला होता. तो न उघडताच सुलेखानं नानांच्या हवाली केला होता. दुसऱ्याला वाचायला द्यायच्या आधी आपण एकदा उघडलं, तर देववणार नाही, हे तिला माहीत होतं.

त्यांच्या खिशात लाल पेन्सिल होती. चिकलठाण्याच्या कंपनीतल्या साचे बनवणाऱ्या टूलरूममध्ये नोकरी झाली होती त्यांची. निवृत्त होऊन सात वर्षं झाली तरी सवय गेली नव्हती. घरात आलेला कुठलाही कागद, विजेचं बिल असो, विहारातल्या कार्यक्रमाची पत्रिका असो, नाहीतर उप्पूच्या लसींचं कार्ड, तो ड्रॉइंगसारखा तपासायचा. पटलं तर उजव्या कोपऱ्यात बरोबरची खूण, खाली नावाचं पहिलं अक्षर ‘सा.’ आणि तारीख. नाही पटलं तर नुसता गोल. नातेवाइकांच्या एका लग्नपत्रिकेवर त्यांनी गोल काढला होता, तारखेपुढचा वार चुकीचा होता म्हणून, आणि फोन करून सांगितलंही होतं.

“झोपली?” सुलेखानं विचारलं.

“झोपली. बसू का?”

“बसा ना, नाना. कशी वाटली गोष्ट?”

“गोष्टीतलं मला काय कळतंय? मी दाराचं बोलतो.” त्यांनी खूण घातलेलं पान काढलं. “ही बिजागरी बघ. बेचाळीस पानावर डावीकडं हाय. एकशे दहावर गेली उजवीकडं. एवढं मोठं दार. कुणी हलवली?”

सुलेखाला हसू आलं. “चुकलंच की.”

“चुकतंय. कागदावर चुकलेलं बरं. लोखंडावर चुकलं की वाया गेलं.” त्यांनी पान खाली ठेवलं. “आन् ह्या दोन मुठी. ह्या आमच्या प्रेसच्या ना?”

“हो. तुम्हीच सांगितलं होतं मागं. तुमच्या पत्रा दाबायच्या प्रेसला दोन बटणं असायची, दोन्ही हातांनी दाबायची.”

“व्हय. दोन्ही दाबली तरच वरचा ठोकळा खाली येणार. म्हंजे माणसाचे दोन्ही हात बटणावर, आत काय जायचा संबंधच नाय.” त्यांनी डावा हात वर केला. करंगळीच्या आणि तिच्या शेजारच्या बोटाच्या जागी गुळगुळीत कातडी होती. “मग हे कसं गेलं? कधी इचारलं नाहीस.”

“मशीननं डबल मारला होता ना, बटण न दाबताच? अतुल म्हणाला होता.”

“मशीन चांगली होती.”

समोरच्या घरातून कुणीतरी ‘जयभीम नाना’ म्हणून गेलं. नानांनी हात वर केला, ‘जयभीम, जयभीम’ म्हणाले, आणि तो माणूस वळणाआड जाईपर्यंत थांबले.

“प्रॉडक्शन लई असायचं. पोरं काय करायची, एका बटणात लाकडाची पाचर ठोकायची. ते बटण कायमचं दाबलेलं. मग एकाच हातानं काम, दुसरा मोकळा. कुणी मोकळ्या हातात बिडी धरायचं. मी पुस्तक धरायचो.”

“पुस्तक?”

“मशीन ड्रॉइंगचं. लायब्ररीचं. टूलरूमची परीक्षा द्यायची होती मला. घर एका खोलीचं, अतुल आठ महिन्यांचा, सारखा रडायचा. मग वाचायचं कधी?” ते सहज बोलत होते, जणू दुसऱ्याच कुणाचं सांगत होते. “एका दिवशी पत्रा तिरका बसला. मी वाचता वाचताच पुस्तक काखेत दाबलं, डाव्या हातानं पत्रा सरळ करायला गेलो. उजवा हात बटणावर होताच. गेला दाबून, सवयीनं.”

सुलेखानं त्यांच्याकडं पाहिलं. ते गठ्ठ्याच्या रबराशी चाळा करत होते.

“कुठलं वाक्य होतं ते अजून पाठ हाय. ‘छेद दाखवताना आतलं दिसत आहे असे समजून रेघ काढावी.’” ते थोडं हसले. “पुढचं काय होतं ते परत कधी वाचलंच नाय. पानं चिकटली ती दोन. परीक्षा मात्र दिली. पास झालो. तुझ्या सासूला ह्यातलं काय म्हाईत नाय बरं का. तिला मशीननं मारला एवढंच म्हाईत.”

“मी नाही सांगणार.”

“मगाशी तू उभी होतीस ना. पाइप ह्या हातात, मोबाइल त्या हातात.” त्यांनी दोन्ही हात करून दाखवले. “मला पाचर दिसली.”

सुलेखानं मान खाली घातली. पायरीच्या कडेला अजून पाण्याचं डबकं होतं. त्यात उप्पूची एक चप्पल उलटी पडली होती. तिनं वाकून ती सरळ केली.

“बोल लावत नाय मी तुला,” नाना म्हणाले. “खामखा मनाला लावून घेऊ नको. मीबी तेच केलेलं हाय.”

जराशानं त्यांनी गठ्ठ्यातलं शेवटाकडचं पान काढलं. ‘केसर दारापुढे उभी राहिली.’ त्याखाली पांढरं. कोपऱ्यात लाल गोल होता.

“हे पास नाय केलं मी.”

“ते पूर्णच नाहीये, नाना. मला पुढचं सुचत नाही. लेकरू कडेवर आहे आणि दाराला दोन हात लागतात. तिनं लेकरू खाली ठेवलं तर ती...” तिला शब्द सापडेना. “आणि नाही ठेवलं तर दार उघडत नाही.”

“मोठ्या प्रेसवर काय असायचं, सांगू का? दोन माणसं. समोरासमोर. पत्रा एवढा मोठा, की एकट्याला पेलायचा नाय. मग बटणं चार. दोन माझी, दोन समोरच्या गोकुळची. चारी दाबल्याशिवाय मशीन हलायची नाय. तो तिकडून बघणार, मी इकडून.” त्यांनी पानावर बोट ठेवलं. “ही बाई एकटीच कशी दारापाशी? घरात कुणी नाय का तिला?”

“नाही. म्हणजे... मी दाखवलं नाही.”

“दाखवलं नाहीस, का खरंच कुणी नाय?”

आत्ता सांगावं, असं तिला वाटलं. शब्द अगदी ओठापर्यंत आले. नाना, मला एक पत्र आलंय. तेवढ्यात आतून उप्पूचा झोपमोड झालेला आवाज आला आणि सुलेखा सवयीनं उठली. पण गुडघ्यावर हात टेकून नाना तिच्या आधी उभे राहिले होते.

“बस तू,” ते म्हणाले.

*

ती बसली नाही. स्वयंपाकघरात गेली. पारूबाई चहा टाकत होत्या. आलं किसताना त्यांनी मागं न बघताच विचारलं,

“पुस्तकाचं सांगितलं का?”

सुलेखा दचकली. “कुठल्या?”

“बोटं गेली त्या. सांगितलंच असंल. सकाळधरनं घसा खाकरायले होते.” त्यांनी साखर टाकली. “मला म्हाईत नाय म्हणाले ना? सदतीस वर्षं झाली. दवाखान्यातून कपडे आले, त्यात ते पुस्तक होतं. मीच पुसलं, मीच खाकी कव्हर घातलं त्याला. वरच्या फळीवर ठेवलंय. रोज त्यांच्या डोळ्यापुढं हाय. कव्हर कुणी घातलं, ते एकदा इचारलं नाय माणसानं.”

“मग तुम्ही का नाही बोललात?”

“काय बोलायचं? वाचत होता, दारू पीत नव्हता.” चहा उतू येत होता. त्यांनी पातेलं वर उचललं, खाली ठेवलं. “ह्या घरात ज्याला त्याला वाटतंय, आपलं कुणाला म्हाईत नाय.”

त्यांनी कप तिच्या हातात दिला. पुढं काही बोलतील असं वाटत होतं. पण त्या म्हणाल्या, “घे. बसून पी आज.”

*

सव्वापाचला नाना उप्पूला घेऊन गल्लीच्या टोकाला निघाले. तिथं कुणाच्या तरी घरी मांजरीला पिल्लं झाली होती. जाताना उप्पूनं आईकडं हात हलवला, जेवढा शेजाऱ्यांकडं हलवते तेवढाच. पारूबाई त्यांच्यामागून चपला शोधत निघाल्या. “थांबा, मलाबी बघायचीत पिल्लं.”

घर एकदम रिकामं झालं. सुलेखा या खोलीतून त्या खोलीत गेली. उप्पूची गोधडी झटकली. पाण्याची भांडी झाकलेली होती, ती पुन्हा झाकली. वरच्या फळीकडं बघितलं. खाकी कव्हरचं पुस्तक इतर पुस्तकांत अगदी सहज उभं होतं. पाच वर्षं ती या घरातल्या वस्तू बघून लिहीत होती, आणि या पुस्तकाला तिनं कधी हात लावला नव्हता. आताही लावला नाही. टेबलापाशी आली, लॅपटॉप उघडला, मिटला. नकार कळवायला दोन ओळी पुरल्या असत्या. त्या तिनं मनात लिहूनही ठेवल्या होत्या. घरगुती कारणामुळे, असं त्यात होतं.

मग तिनं नानांनी टेबलावर ठेवलेल्या गठ्ठ्याचं रबर काढलं.

पानोपानी लाल पेन्सिल होती. ‘मुठीचा व्यास किती?’ ‘डावखुऱ्या माणसाचे काय?’ ‘छताला गळती लागली तर कोण दुरुस्त करणार, लिहिलेले नाही.’ एका ठिकाणी, जिथं केसर बाळाला पहिल्यांदा छताखालचा खोटा पाऊस दाखवते, तिथं काहीच लिहिलं नव्हतं. पानाच्या कडेला पेन्सिल नुसती टेकवून ठेवल्याचा एक ठिपका होता. प्रत्येक कागदाच्या उजव्या कोपऱ्यात खूण आणि ‘सा.’. खाली तारीख. सगळं रविवारी सुरू करून सोमवारी संपवलं होतं. शेवटच्या पानावर तो गोल.

त्या पानाखाली आणखी एक कागद होता.

तो कादंबरीचा नव्हता. वरती संस्थेचं चिन्ह, खाली इंग्रजी मजकूर, तिचं नाव. मेल करताना एकाच फोल्डरमधून तिनं सगळ्या फायली उचलल्या होत्या. मंजुषानं सगळ्या छापल्या होत्या.

सुलेखा तो कागद हातात धरून उभी राहिली. पत्रातल्या तीन-चार शब्दांखाली लाल रेघा होत्या आणि रेघांवर बारीक, सुबक मराठी अक्षरांत अर्थ लिहिलेले होते. शब्दकोश काढला असणार. ‘रेसिडेन्सी’वर ‘राहून काम’. ‘अनअकम्पनीड’ या शब्दाला दोनदा रेघ होती, आणि त्यावर लिहिलं होतं, ‘एकटे, सोबत कोणी न घेता’. त्याच्या बाजूला समासात आणखी काहीतरी लिहून खोडलं होतं. तिनं कागद खिडकीच्या उजेडाकडं धरला. खोडलेल्याच्या आत ‘ट्रायल’ एवढा शब्द वाचता आला. नवीन डाय, म्हणजे साचा, बनवला की कामाला लावायच्या आधी चार दिवस ट्रायल घ्यायची असते, हे त्यांनीच कधीतरी सांगितलं होतं.

उजव्या कोपऱ्यात गोल नव्हता. बरोबरची खूण होती. खाली ‘सा.’. त्याच्या शेजारी, पेन्सिल न तासता दाबून काढलेलं, वेडंवाकडं, ‘पा.’. पारूबाई सही सोडून काही लिहीत नसत. तारीख सोमवारची.

सोमवारी सकाळी नाना तिच्याकडं कंगवा घेऊन आले होते. “वेणी कशी घालतात दाखव बरं,” म्हणाले होते. तिनं विचारलं होतं, “तुम्हाला कशाला, नाना?” तर म्हणाले होते, “असंच. शिकून ठेवतो.”

सुलेखा खाली बसली. प्लास्टिकच्या त्या खुर्चीचा एक पाय थोडा आखूड होता. त्याखाली नानांनी कधीतरी पुठ्ठा घालून ठेवला होता. खुर्ची हलली नाही.

सहाला अठरा मिनिटं होती. तिनं लॅपटॉप उघडून संस्थेच्या मेलला उत्तर लिहायला घेतलं; ‘घरगुती कारणामुळे’ हे शब्द त्यात लिहिले नाहीत. बाहेर, गल्लीच्या टोकाकडून, रडणं ऐकू आलं. उप्पूचंच. मांजरीनं बोचकारलं असेल, पिल्लू सोडवत नसेल, पडली असेल. “आऽऽई!” सुलेखाचे तळवे टेबलाच्या कडेवर टेकले, अंग खुर्चीतून अर्धं उठलं. नानांचा आवाज आला. मग पारूबाईंचा. रडणं चालूच होतं. ते जवळ येत नव्हतं, लांबही जात नव्हतं.

ती तशीच अर्धवट उभी राहून ऐकत होती. रडण्याचा सूर बदलला. आता तो हट्टाचा झाला होता, अधूनमधून थांबून उत्तर ऐकून घेणारा.

सुलेखा पुन्हा खुर्चीत टेकली. शेजारी उलटा पडलेला मोबाइल तिनं आणखी थोडा लांब सारला, आणि दोन्ही हात कीबोर्डवर ठेवले.